तीन नंबरचं तोंड

माणिकपूरला माझं सायबर कॅफे होतं तेव्हा कॉम्प्युटर सहा आणि इंटरनेटची लाइन एकच. एकाने सिनेमा उतरवायला घेतला की बाकीचे पाच जण माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच नळ बंद केलाय. शेवटी राउटरची पुस्तिका वाचून मी त्यातली ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ नावाची सोय चालू केली. तीन नंबरच्या कॉम्प्युटरला लाइन आधी, उरेल त्यात बाकीच्यांनी भागवायचं. इंटरनेटवरून बोलायला येणाऱ्यांना मी तिथेच बसवायची. सिनेमा थांबला म्हणून कुणाचं काही अडत नाही.

एके सकाळी जवळच्या गिरीज गावच्या, पानवेलींची वाडी असलेल्या एक मावशी लेकीला घेऊन आल्या. लेक नर्स, आखातातल्या इस्पितळाची मुलाखत कॉम्प्युटरवरून. आदल्या खेपेला दुसऱ्या कॅफेत आवाज तुटून मुलाखत फिसकटली होती. ही शेवटची संधी, असं तिकडून कळवलं होतं.

मुलीला तीन नंबरवर बसवून मी झेरॉक्सच्या गिऱ्हाइकाकडे वळले. परत बघते तर मुलगी एक नंबरवर, ‘हॅलो सर, हॅलो?’ करत रडकुंडीला आलेली. आणि तीन नंबरवर एक कॉलेजवाला खूश.

“काकू, आज काय स्पीड आहे! अख्खा सिनेमा येतोय!”

“मावशी, हिला उठवलं कुणी?”

“मीच. तिथे बसलं की तोंड दक्षिणेला होतं. नोकरीचं काम दक्षिणेला तोंड करून करतात का? या दादाला सांगितलं, तो बिचारा लगेच उठला.”

“बिचारा! मावशी, वाडीत पाणी आधी कुणाला सोडता?”

“पानवेलीला.”

“तुमची पानवेल तिकडे सुकतेय आणि पाणी सगळं याच्या सिनेमाला चाललंय.”

“अगं बाई! मग वळव की!”

वळवायचं तर राउटर बंद करून चालू करावा लागला असता आणि तो परत लागेपर्यंत मुलाखतीची वेळ निघून गेली असती. मावशी दक्षिणेला तयार नव्हत्या. मग मी तीन नंबरचं टेबलच फिरवायचं ठरवलं. त्या काळचा मॉनिटर म्हणजे भरलेला हंडा. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने सिनेमावाला, मध्ये मावशी तारा उचलून धरत, “पूर्व इकडे, इकडे!” टेबल फरशीवर असं किंचाळलं की कॅफेतले सगळे उठून उभे राहिले.

मुलगी येऊन बसली, पुन्हा जोडलं. साहेबांचा आवाज स्वच्छ आला. मघाशी एवढा कसला गोंधळ होता, असं त्यांनी विचारलं.

“पेशंट दुसऱ्या बेडवर हलवत होते, सर,” मुलगी इंग्रजीत शांतपणे म्हणाली.

साहेबांनी पुढचे सगळे प्रश्न पेशंट कसा हलवावा यावरच विचारले, आणि तिला नोकरी लागली.

मावशी वेलची केळ्यांचा घड घेऊन आल्या. “बघितलंस ना? दिशेचा गुण!”

गुण राउटरचा, हे ओठांवर आलं होतं. पण केळी पिकलेली होती, आणि मावशींना समजावेपर्यंत काळी पडली असती.