रांजणाची गोधडी

देवगाव फाट्यावरच्या पाणपोईत दगडाबाईकडून कुणाला सरळ पाणी मिळालंय, असं कधी झालं नाही. आधी सावलीत बूड टेकवायचं, मग गुळाचा खडा, मग पाणी. "उन्हातून आला न् घटाघटा ढोसलं, मंग माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई," हे ती ट्रकवाल्यालाही ऐकवायची. माणसं वैतागायची, पण बसायची. रांजणाला तिनं एक जुनी गोधडी भिजवून गुंडाळलेली होती. समोरचा चहावाला चंद्रभान एकदा म्हणाला, "मावशे, सगळी दुनिया पोतं गुंडाळती, तुझंच काय निराळं?" त्यावर तिनं असं बघितलं, की तो गप कप विसळायला लागला.

आता आमच्या परभणीकडचा मे महिना नवख्या माणसाला सांगून कळत नाही, हीच तर पंचाईत. सकाळी नऊलाच फरशी पाय भाजते. दुपारी वारा सुटतो तोही भट्टीतून आल्यासारखा. आणि घाम अंगावर दिसायच्या आधीच वाळून जातो, त्यामुळं माणसाला वाटतं, आपलं बरं चाललंय.

त्या दुपारी दीड वाजता पाणपोईशी स्कूटी थांबली. पोरगी रत्नागिरीकडची, नाव अर्पिता, इथल्या पोस्टात लागून आठच दिवस झालेले. डोक्याला ना रुमाल, ना ओढणी.

"मावशी, पटकन पाणी द्या. ही टपालाची पिशवी सेलूला पोचवायचीय."

"बस आधी. तोंड बघ कसं लालबुंद झालंय."

"नको हो. उलट आमच्या कोकणापेक्षा इथं बरंय, घामाची चिकचिक नाही. मघापासून तर घाम यायचाच थांबलाय."

दगडाबाईनं पोरीचं मनगट धरलं. कोरडंठाक, आणि तव्यासारखं तापलेलं. तिनं स्कूटीची किल्ली काढली न् कमरेला खोचली.

"अहो, हे काय? किल्ली द्या माझी! मी पोलिसांना फोन करीन!"

"कर की. पण बसून कर."

अर्पिता रागानं पुढं आली. हात पुढं केला, काहीतरी बोलायला गेली, पण जीभच वळेना. "माझी... पिशवी..." एवढं पुटपुटली आणि जागच्या जागी कोसळली.

"चंद्रभान! एकशे आठला फोन लाव! पळ!"

फोन झाला. गाडीला अर्धा तास लागणार होता. दोघांनी तिला ओढत सावलीत घेतलं. चंद्रभान पेला घेऊन तिच्या तोंडाशी गेला, तशी दगडाबाई खेकसली, "तोंडात ओतू नगं, मुडद्या! शुद्ध हाय का तिला? अंगावर वत!"

तांब्यामागून तांब्या रिकामा झाला. अंगाची आग काही कमी होईना.

"मावशे, रांजण तळाला लागला. टँकर उद्या हाय."

"लागू दे."

मग तिचा हात रांजणाच्या ओल्या गोधडीकडं गेला आणि तिथंच थबकला.

नऊ वर्षांमागं तिचा नवरा आश्रुबा असाच भर दुपारी रानातून आला होता. अंग तापलेलं, घामाचा टिपूस नाही. तिला वाटलं, थंडीताप असंल. घाम फुटला की उतरंल, म्हणून तिनं त्याला हीच गोधडी पांघरली, कडा दाबून दाबून. "काढ गं हे, काढ," असं तो तीनदा म्हणाला. तिनं काढली नाही. दिवस मावळायच्या आत माणूस गेला, आणि डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं होतं, अंगावर पाणी मारायचं होतं.

दगडाबाईनं ओली गोधडी सोडली, अर्पिताच्या अंगावर टाकली आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला लागली. हात भरून आले तरी थांबली नाही. चंद्रभान रस्त्याकडं बघत होता. गाडीचा पत्ता नव्हता. "पोरी, डोळं उघड गं माय, तुला हात जोडते," असं ती मोठमोठ्यानं म्हणत होती आणि तिला स्वतःची लाज वाटत नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. पोरीचे ओठ हलले. दगडाबाईनं कान जवळ नेला.

"मावशी... काढा ना हे... थंडी वाजतेय."

दगडाबाईनं गोधडी त्याच क्षणी काढली.