कॅमेरा निवडायला पासलीपर्यंत

पहिला कॅमेरा कोणता घ्यावा यावर मी वर्षभर इतके व्हिडिओ पाहिले की घरच्यांनी तो विषय काढणंच बंद केलं. मी शाळेत गणित शिकवते. आजवरचे माझे सगळे फोटो मोबाईलवरचे, पण हौस काही केल्या कमी होईना. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचं म्हणणं, "शिकायचंय ना, मग डीएसएलआरच घ्या. जुना मिळाला तरी चालेल." धाकटी बहीण अनु म्हणायची, "ताई, आरशाचे कॅमेरे आता कोण घेतं? सरळ मिररलेस घे." शेवटी सरांनी त्यांचा जुना डीएसएलआर आणि लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स दोन दिवसांसाठी दिली. अनुने एक नवाकोरा मिररलेस भाड्याने आणला. दसऱ्यानंतरच्या शनिवारी आम्ही दोघी तिच्या गाडीतून भोर-वेल्ह्याकडे निघालो. परत येईपर्यंत माझा निर्णय व्हायला हवा, अशी अनुची अट होती.

उजाडताना पुणं सोडलं तर खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गर्दी लागत नाही. कापूरहोळहून आत वळलं की रस्ता झाडांच्या सावलीत शिरतो. भोरच्या स्टँडजवळ मिसळ खाल्ली आणि भाटघरच्या पाण्याकाठी जाऊन बसलो. पाणी काठोकाठ होतं, पलीकडच्या डोंगराची सावली त्यात न हलता पडली होती. दोन्ही कॅमेरे मी आलटून पालटून डोळ्याला लावले. मिररलेसमध्ये डोळ्यासमोर एक इवलासा पडदा असतो; फोटो जसा येणार तसाच त्यावर आधी दिसतो. चूक होणं कठीण. डीएसएलआरमध्ये डोळ्यासमोर पडदा नाही. लेन्समधून आलेला उजेड आतल्या आरशावर पडून थेट डोळ्यात येतो. फोटो कसा येईल ते काढल्यावरच कळतं, आणि माझे पहिले दहा-बारा तर पांढरेफटक आले. अनु हसली.

दुपारी मागे येऊन नसरापूर गाठलं. पेट्रोल आणि रोख पैसे नसरापुरातच घ्या, पुढे भरवसा नाही. गुंजवण्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वर राजगड आणि खाली पिवळी पडू लागलेली भातखाचरं. बांधावर उभ्या असलेल्या एका काकांना विचारलं, फोटो काढू का?

"काढा की. माजा नगं, भाताचा काढा," ते म्हणाले. "आमचं लई चांगलं रान धरणात गेलं. हे उरलंय त्येवढं तरी फोटूत ऱ्हाऊ द्या."

मी काढले. काकांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर प्रत्येक फोटो नीट बघितला आणि वाकलेल्या लोंब्यांच्या एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो झ्याक हाय." तो डीएसएलआरवरचा होता. मी अनुकडे बघायचं टाळलं.

मुक्काम वेल्ह्यात केला. खोली साधी पण स्वच्छ, जेवायला गरम पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात. राहणं-खाणं दोघींचं मिळून दोन हजारांत बसलं. फक्त संध्याकाळी गेलेली वीज सकाळपर्यंत आली नाही आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या राहून गेल्या.

रविवारी पासलीचा रस्ता धरला. या रस्त्यासाठी तरी इकडे याच. प्रत्येक वळणावर डोंगर नव्याने उघडतो, एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कारवीचं रान. रस्ता अरुंद आहे म्हणून गाडी सावकाश चालवायची नाही, बघायला मिळावं म्हणून चालवायची. पासलीच्या पुढे गाडी लावून आम्ही पायवाटेने पठारावर चढलो. दुपारपर्यंत फोटोच फोटो. अनुच्या मिररलेसने आधी मान टाकली, पडदे चालवून त्याची बॅटरी लवकर उतरते. थोड्या वेळाने सरांचाही कॅमेरा बंद पडला. आता उतरायचं, असं म्हणत होतो तेवढ्यात धनगरांच्या दोन-तीन घरांची वस्ती लागली. पाणी मागायला थांबलो.

पाणी दिलं हौसाबाईंनी. साठीच्या असतील. तांब्या आमच्या हातात देतानाही त्यांचं लक्ष दरीपलीकडच्या डोंगराकडे होतं.

"काय झालं, मावशी?" अनुने विचारलं.

"म्हस न्हाई आली कालपास्नं. चांदी. दिस भरल्यात तिचं. आमचं धनी पहाटंच पलीकडं गेल्यात हुडकाया." मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "बिबट्या हिंडतुया त्या अंगाला."

घरात दुभतं ते एवढंच, हे त्यांच्या सुनेने सांगितलं. हौसाबाईंच्या नवऱ्याचा मोबाईल लागत नव्हता. पलीकडचा उतार झाडीने भरलेला, मध्ये मध्ये काळे खडक. नुसत्या डोळ्यांना प्रत्येक खडक म्हैसच वाटत होता. अनुने मोबाईलवर झूम करून पाहिलं तर सगळे ठिपके.

मी सवयीने सरांचा कॅमेरा डोळ्याला लावला आणि मग आठवलं की बॅटरी संपली आहे. पण समोर डोंगर होता. किंचित मंद, तरी पानापानासकट दिसत होता. कॅमेरा मेला होता. आरसा आणि काच त्यांचं काम करतच होती. लेन्सचं कडं हाताने फिरवलं तसा उतार स्पष्ट होत गेला.

"मावशी, इथून बघा."

हात थरथरू नये म्हणून लेन्स गोठ्याच्या दगडी कठड्यावर टेकवली. हौसाबाईंनी आधी दुसरा डोळा तळहाताने झाकला. मी कडं कसं फिरवायचं ते दाखवलं, त्यांनी ते हळूहळू फिरवलं. मग त्या तिथेच वाकून राहिल्या. डोंगराच्या एका टोकापासून सुरुवात करून त्या लेन्स केसभर सरकवत होत्या. ऊन पलीकडच्या कड्यावर चढत चाललं होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. आम्ही तर हललोही नव्हतो. "कपाळ दिसतंय. पांढरं. चांदीच हाय." आणि जरा वेळाने, "उबी हाय. खाली कायतरी हलतंय."

मी बघितलं. दोन खडकांच्या खोबणीत कपाळावर पांढरा डाग असलेली म्हैस, आणि तिच्या पायांशी उभं राहायची धडपड करणारं ओलं रेडकू.

हौसाबाई कठड्यावर चढल्या आणि त्यांनी पलीकडे हाळी दिली. तेवढ्या लहान अंगातून निघालेला तो आवाज दरी ओलांडून गेला. तिसऱ्या हाळीला उत्तर आलं, फार वरून. "खालच्या अंगाला... दोन धोंड्यांच्या मधी!" त्या सांगत राहिल्या, मी लेन्समधून बघत राहिले. झाडीतून एक फेटा उतरताना दिसला. "डावीकडं सांगा," मी म्हणायची, त्या हाळी द्यायच्या. फेटा थांबायचा, वळायचा. शेवटी तो खडकांपाशी आला. म्हशीने मान वर केली. माणसाने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. आवाज काहीच नाही, इतक्या लांबून येणार तरी कसा. मग त्याने फेटा सोडला आणि वाकून रेडकू पुसायला घेतलं.

मी बाजूला होऊन हौसाबाईंना जागा दिली. त्यांनी बराच वेळ बघितलं. कॅमेऱ्यापासून डोळा बाजूला केला तेव्हा तो पाणावलेला होता. "च्या घेतल्याबिगार जायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या.

चहा कोरा होता आणि आजवर प्यायलेल्या कुठल्याही चहाहून चांगला. अंधार पडायच्या आत गाडीपर्यंत पोचायला हवं होतं, म्हणून चांदी घरी येईपर्यंत थांबता आलं नाही. सुनेने नंबर घेतला. परतीच्या रस्त्यात नसरापूर आलं तेव्हा अनु म्हणाली, "बरं, घे तुझा आरसा."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फोन आला. "म्हस आली, पारडीबी आली," सून सांगत होती. "सासूबाई म्हणत्यात, खरवस हाय, खाऊन जा." मागून हौसाबाईंचा आवाज येत होता, "दोगींलाबी सांग."

मिररलेस वाईट नाही. लग्नाचे, मुलांच्या पळापळीचे फोटो काढायचे असतील तर तुम्ही खुशाल तोच घ्या. हलका आहे, चुका कमी होतात. माझं मन मात्र उजेड सरळ डोळ्यात येण्यावर बसलं होतं. दिवाळीच्या आधी जुने कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदाराने एक डीएसएलआर पुढे ठेवला आणि बॅटरी घालू लागला.

"राहू द्या," मी म्हटलं. "आधी असाच बघते."

त्याला ते विचित्र वाटलं असावं. मी दारापाशी जाऊन कॅमेरा डोळ्याला लावला. समोरच्या फुटपाथवर एक बाई झेंडूच्या माळा ओवत होती. मी कडं फिरवलं. आधी फुलं धूसर होती, मग तिची बोटं दिसली, मग सुईतला दोरा. तिने मान वर करून रस्त्याकडे बघितलं, कुणाची तरी वाट बघावी तसं, आणि पुन्हा पुढचं फूल उचललं.

मी आत येऊन दुकानदाराला सांगितलं, हाच द्या.