खडीचं रिंगण

बहात्तरच्या दुष्काळात मी तिसगावच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचे. माझ्या शेजारी एक बाई बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या कमरेला मिश्रीची डबी असायची आणि काळं पडलेलं बोट दिवसभर दातांवर फिरत असायचं. गरगरून ओकारी आली तरी चूळ भरून ती पुन्हा डबी उघडायची.

दुपारी आम्ही बाया लिंबाखाली आडव्या व्हायचो. ती मात्र पाटीभर खडी स्वतःभोवती गोल पसरायची आणि मधोमध ताठ बसून राहायची.

"जरा पड की गं," मी एकदा म्हणाले.

"झोप येऊ नये म्हनूनच मिश्री लावते," ती म्हणाली. "पोरगी हुते तवा रानात राखनीला गेल्ते. डोळा लागला. मऊ मातीत त्याचे पाय वाजलेच न्हाईत. जाग आली तवा त्याचा हात माझ्या तोंडावर हुता."

"कुठं असतो तो आता?"

"मेला. लई वर्सं झाली." तिनं दातांवर बोट घासलं. "पर पाय न्हाई मेले त्याचे."

तेवढ्यात तिच्या पाठीमागची खडी करकरली, सावकाश, कुणी चालत आल्यासारखी. मी मान वळवली. तिथं कुणी नव्हतं. वाराही पडलेला होता.

ती वळली नाही. "तुला बी ऐकू आलं का?"

मी "न्हाई" म्हणाले, पण माझा हात तिच्या डबीकडे गेला होता. तिनं तो पाहिला, आणि थोडं सरकून मला रिंगणात जागा करून दिली.