ढेरी सुटलेला अनाथ

टावियानं आमच्या नाटक कंपनीत वीस वर्षं अनाथ पोराचं काम केलं. काम कसलं, सावत्र आईनं लाथ घातली की पडायचं आणि "भूक लागली" म्हणून रडायचं. मग बायाबापड्या डोळे पुसत मंचावर चढायच्या. पाव, तळलेली मासळी, आंबवलेल्या मक्याचं केंके असं काहीबाही त्याच्या पुढ्यात ठेवून जायच्या. आमच्या गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यावर हीच रीत. नाटकातला भुकेला असला तरी त्याला उपाशी ठेवत नाहीत.

सावत्र आई व्हायचा अन्सा. तीन तास नाचायचा, गायचा, शिव्या द्यायचा. चांगलं काम केलं की लोक सावत्र आईवर चिडून त्याला संत्र्याच्या साली मारायचे. मंचाच्या फळ्या मी ठोकायचो आणि मीच उचलायचो. अन्साच्या जागी फळी घामानं ओली असायची. टावियाच्या जागी पावाचा चुरा.

फुकटचं खाऊन टाविया फुगला. अनाथाचा फाटका सदरा तीनदा उसवून मोठा केला. शेवटी स्वेड्रू गावातल्या दुपारच्या खेळाआधी एगिर मालक म्हणाले, "लोक हसायला लागलेत. आज एक तरी पाव वर आला पाहिजे. नाहीतर उद्यापासून अनाथ दुसरा."

"मालक, मी नुसतं तोंड उघडलं तरी येतील."

"तोंड उघडतोसच रे. जरा रडसुद्धा."

लाथ बसली. टाविया पडला, रडला. कोणी उठेना. मागून एकजण ओरडला, "आधी ढेकर दे, मग रड!"

मांडव हसला. टावियानं पडद्याआड उभ्या मालकांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग मात्र तो असा हुंदके देऊन रडला, की वीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याचं काम आवडलं.

तेवढ्यात केंके विकणारी अराबा मावशी उठली. हातात पानात बांधलेलं केंके, वर मासळी. टावियानं दोन्ही हात पसरले. मावशी त्याला वळसा घालून गेली आणि पुडकं अन्साच्या हातात ठेवलं.

"घे बाई, खा. या बोक्याला पोसून तुझी हाडं वर आलीत."

"मावशे, भूक मला लागलीय!" टाविया उठला आणि पुडक्यावर झडप घातली.

"सोड रे! आईच्या तोंडचं ओढतोस?" लोक ओरडले. त्या दिवशी साली अनाथावर पडल्या.

अन्सा तिथंच मंचावर मांडी घालून बसला आणि खाऊ लागला. त्याचं संपेपर्यंत खेळ थांबला.

दुसऱ्या दिवसापासून टाविया माझ्याबरोबर फळ्या उचलायला. एका टोकाला बोटं लावायचा आणि कण्हायचा. वजन माझ्याकडे. येणारेजाणारे त्याच्याकडेच बघून हळहळायचे.