बिल्लेकाका आणि ओली डिकी

बिल्लेकाकांना गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दोन माणसं जेमतेम मावणाऱ्या, जमिनीला पोट टेकवून पळणाऱ्या त्या स्पोर्ट्‌स कारवर शेवटचा हात फिरायचा तो त्यांचा, आणि संध्याकाळी घरी जायचे ते बसने. तेही खिडकीची जागा मिळाली नाही तर तोंड पाडून.

कारखान्यात त्यांचं काम एकच. तयार गाडीच्या मागे, डिकीच्या झाकणावर, कंपनीचं नाव बसवायचं. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही आणि करायला सांगितलं असतं तर रुसून बसले असते.

ही गाडी मात्र नवी, गेल्या पावसाळ्यानंतर दोन कंपन्यांनी मिळून काढलेली. इंजिन थोरल्या कंपनीचं, सांगाडा धाकटीचा, जुळणी इथे, एकाच पट्ट्यावर. दोघींचं नातं जावाजावांसारखं होतं: चूल एक, पण आपापलं ताट झाकून ठेवायचं. निम्म्या गाड्या थोरलीच्या नावाने बाहेर पडायच्या, निम्म्या धाकटीच्या. काकांच्या टेबलापाशी येईपर्यंत गाडीला स्वतःलाही ठाऊक नसायचं आपण कुणाच्या घरच्या ते.

थोरलीचा बिल्ला मागच्या पट्टीने चिकटायचा. धाकटीची मात्र धातूची सुटी अक्षरं, प्रत्येकामागे दोन बारीक खिळे. झाकणाला भोकं पाडून ती आत बसवायची. "आमचं नाव चिकटवायचं नसतं, रोवायचं असतं," धाकटीच्या बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. काकांना हे वाक्य इतकं आवडलं, की पुढे दोन लग्नांत आणि एका बारा तासांच्या प्रवासात त्यांनी ते स्वतःचं म्हणून खपवलं.

पण माणूस कामाला पक्का. अक्षर बसलं की ते डाव्या करंगळीचं नख त्याच्या कडेखाली सारून बघायचे. नख शिरलं तर अक्षर काढून पुन्हा बसवायचं. त्या नखाची निगा ते अशी राखायचे, की काकू म्हणायच्या, "एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतंत तर मीही सरळ झाले असते."

निवृत्तीला दोन महिने उरले होते. मॅनेजरसाहेबांचं भाषण लिहून तयार होतं. त्यातलं मुख्य वाक्य असं: 'एकतीस वर्षांत यांच्या टेबलावरून गेलेली एकही गाडी यांच्या कामापायी परत आली नाही.' टायपिस्टकडून ते काकांना कळलं, काकांकडून काकूंना, आणि काकूंकडून अख्ख्या गल्लीला. काकूंनी तर त्यात आणखी दोन वर्षं मिळवून टाकली होती.

आणि तेवढ्यात गाड्या परत यायला लागल्या.

आधी तीन, मग अकरा, मग चाळीस. सगळ्या धाकटीच्या नावाच्या. तक्रार एकच: पाऊस लागला की डिकीत पाणी. थोरलीच्या नावाची एकही नाही. मग काय, लोकांच्या जिभेला हाड असतं थोडंच? गाड्यांच्या मासिकांत छापून आलं, की घ्यायची तर थोरलीची घ्या, भरवशाची आहे. धाकटीची म्हणजे चाळण. एकाच पट्ट्यावरच्या, एकाच दिवशी जोडलेल्या गाड्या, पण एक खानदानी ठरली आणि दुसरी उडाणटप्पू.

थोरलीचे लंबूसाहेब पाहणीला आले ते हसू दाबतच. "सांगाडा तुमचा," ते बाईसाहेबांना म्हणाले.

"तुमच्या नावाच्या गाड्यांनाही हाच सांगाडा आहे. त्या कोरड्या कशा?"

"ते तुम्हीच शोधा."

डिकीचं रबर बदललं, दिव्यांच्या कडा लिंपल्या. पाणी येतच राहिलं. दोघांच्या भांडणाला बळी लागतोच, तो शेवटी पाणीवालीचा द्यायचं ठरायला लागलं. पाणीवाली म्हणजे फवाऱ्याची खोली सांभाळणारी. प्रत्येक गाडी दहा मिनिटं तिच्या खोलीत चिंब व्हायची आणि तिने 'कोरडी' म्हटल्यावरच पुढे जायची. तिने नीट बघितलंच नाही, असं शुक्रवारच्या बैठकीत लिहून टाकायचं घाटत होतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती काकांच्या टेबलापाशी येऊन बसली. डबा उघडला, पण हात घातला नाही.

"काका, माझ्या खोलीतून जाताना गाडी कोरडी असते. गिऱ्हाइकाकडून येते ती ओली. मधे कोण हात लावतं हो तिला?"

"कोण?"

"तुम्हीच की." ती हसली. "पण तुम्ही बिचारे नाव लावता. नावातून काय पाणी गळणार?"

काका हसले नाहीत. टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात काय आहे ते त्यांच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

"पाइप घेऊन अंगणात ये," ते म्हणाले. "आणि डबा खाऊन घे आधी. वेळ लागेल."

परत आलेल्या गाड्या अंगणात रांगेने उभ्या होत्या. काकांनी एकीच्या झाकणाचं आतलं अस्तर उचकटलं, बॅटरी हातात घेतली आणि डिकीत शिरले. शिरले म्हणजे काय, कोंबले गेले. ती डिकी दोन पिशव्यांसाठी केलेली, आणि काकांचं पोट हीच मुळात एक पिशवी. गुडघे हनुवटीला लागले.

"लाव झाकण. सोड पाणी."

"मेलात तर मला विचारतील हं."

"तुला तसंही उद्या विचारणारच आहेत. सोड."

वरून पाणी तडतडायला लागलं. काकांनी बॅटरी रोखली. रबर कोरडं, दिवे कोरडे. मग तिसऱ्या अक्षराच्या खिळ्याच्या टोकावर एक थेंब फुगला, जरा लोंबला आणि बरोबर त्यांच्या कानात पडला. मागून दुसरा.

कारण त्यांना ठाऊकच होतं. प्रत्येक खिळ्यात घालायला कंपनी रबराची एक पातळ चकती पाठवायची. ती घातली की अक्षर कागदाइतकं वर राहायचं आणि करंगळीचं नख आत शिरायचं. काकांना ते बघवेना. पहिल्याच आठवड्यापासून त्यांनी चकत्या डब्यात टाकायला सुरुवात केली होती. अक्षरं अशी बसत होती, की जणू पत्र्यालाच फुटली आहेत. बाईसाहेबांनी दोनदा वाखाणलीही होती.

बाहेरून आवाज आला, "दिसलं का काही?"

'नाही' म्हणायचा अवकाश होता. दोन महिन्यांतले आता तेरा दिवस उरले होते. नव्या गाड्यांना गुपचूप चकत्या घातल्या असत्या तर काकांचं भाषण शाबूत राहिलं असतं, काकूंची गल्लीही. काकांनी खिळ्यावर तिसरा थेंब फुगताना बघितला.

"दिसलं," ते म्हणाले. "उघड आता. आणि ओढून काढ मला, माझं मला निघता येणार नाही."

शुक्रवारी बैठकीत त्यांनी बिस्किटांचा डबा लंबूसाहेब आणि बाईसाहेब यांच्या बरोबर मधे ठेवला. लंबूसाहेबांनी बिस्कीट घ्यायला हात घातला आणि मूठभर चकत्या बाहेर आल्या.

"पाणीवालीच्या परीक्षेत खोट नाही, सांगाड्यातही नाही," काका म्हणाले. "माझ्या नखात आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं, ओल्या कानासकट.

बाईसाहेबांनी एक चकती उचलून चिमटीत धरली. मग म्हणाल्या, "चकती घातली तर अक्षर वर राहणार."

"राहू दे."

"तुम्हाला चालेल?"

"चालवायला मला गाडी कुठे येते, बाई? पण चाळीसही मीच उघडणार. माझ्याआधी कुणी हात लावायचा नाही."

चाळीसच्या पुढे त्र्याण्णव झाल्या. काकांनी निवृत्तीचा दिवस स्वतःहून दोन आठवडे पुढे ढकलून घेतला. एकेक अक्षर काढायचं, चकती घालायची, दाबायचं, आणि मग गाडी पुन्हा पाणीवालीच्या खोलीत. ती 'कोरडी' म्हणाली की काका मान हलवायचे. बाईसाहेबांनी ते बघून कायमचाच क्रम बदलला: आधी नाव, मग पाणी. पहिल्या दिवशी काकांनी सवयीने करंगळी उचलली, नख अलगद आत शिरलं. त्यांनी दातओठ खाल्ले आणि पुढच्या अक्षराकडे वळले. संध्याकाळी घरी आल्या आल्या नख कापून टाकलं. काकू बघत होत्या, पण त्या दिवशी एका शब्दाने बोलल्या नाहीत. एकतीस वर्षांत हेही पहिल्यांदाच.

निरोपाच्या दिवशी मॅनेजरसाहेब कागद घेऊन अवघडून उभे राहिले. "ते मुख्य वाक्य खोडावं लागलं," ते हळूच म्हणाले. "आता काय म्हणू?"

"म्हणा, त्र्याण्णव परत आल्या," काका म्हणाले. "आणि कोरड्या गेल्या."

मॅनेजरसाहेबांनी तेवढंच म्हटलं. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती पाणीवालीने.