वायर काढणाऱ्या शैलाताई

सर्व्हर बसवून झाले, सगळे दिवे हिरवे झाले, लोक एकमेकांचं अभिनंदन करू लागले की शैलाताई राणे उठायच्या आणि एका सर्व्हरची वायर उपटायच्या. आमच्या मरोळच्या कंपनीत त्या डेटाबेसचं काम बघायच्या, मी नेटवर्कचं. "तीन मशीन कशाला घेतली? एक मेलं तर बाकीच्या दोघांनी काम उचलावं म्हणून ना? मग बघूया की उचलतात का," असं त्यांचं म्हणणं. वायर ओढताना मात्र मालवणी सुरू व्हायची. "पडान दाखय. मगे तुका मानतंय."

दुपारचा डबा त्या सर्व्हररूमच्या दाराशी स्टूल टाकून एकट्याच खायच्या. आमच्यात का येत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "तुम्ही सगळे घरचं बोलता रे. मी काय सांगू?" आई गेल्यापासून भांडुपच्या घरात त्या एकट्याच होत्या.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलचं काम आलं. रुग्णांच्या नोंदी जुन्या मशीनवरून तीन नव्या सर्व्हरवर न्यायच्या होत्या. शैलाताईंनी चार दिवस खपून तिन्हींवर डेटाबेस बसवला आणि हॉस्पिटलचे सगळे संगणक त्यांच्याशी जोडले. पाचव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर बघायला आले. आमचे साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, आज वायर नको हं."

"आजच हवी," म्हणत त्यांनी पहिल्या सर्व्हरची वायर काढली.

काउंटरवरचे सगळे संगणक गोठले. नोंदणीची रांग थांबली. शैलाताईंनी वायर परत लावली, स्क्रीनवर दोन मिनिटं काहीतरी तपासलं आणि डॉक्टरांकडे वळल्या. "माझी चूक आहे. तिन्ही सर्व्हरचा मिळून एक पत्ता असतो, तो सगळीकडे द्यायचा होता. मी पहिल्याचाच दिला. आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करते."

एकूण एक संगणकावर जाऊन तो पत्ता बदलावा लागणार होता. मी मदतीला निघालो, पण साहेबांनी मला गाडीत बसवून परत नेलं. शैलाताई मजल्या-मजल्यावर एकट्या फिरल्या, नर्सना "जरा उठता का, दोनच मिनिटं" म्हणत. पाच वाजता त्यांनी पुन्हा वायर काढली. या वेळी काहीच थांबलं नाही. ते बघायला आमच्यापैकी तिथे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेब भडकले. "चूक होते, मान्य. पण क्लायंटसमोर कबूल करायची काय गरज होती?"

"मग कुणासमोर करायची?" शैलाताईंनी विचारलं.

मी समोरच बसलो होतो. त्यांचं बरोबर होतं, हे मला ठाऊक होतं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिलो. त्यानंतर त्यांना नवं काम मिळालंच नाही. सहा महिने रिकाम्या टेबलाशी बसून त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. निरोपाचा केक कापला, तेव्हा मी फोनवर असल्याचं दाखवून बाहेर उभा होतो.

पुढच्या वर्षी त्या हॉस्पिटलचा एक सर्व्हर खरोखरच जळाला. उरलेल्या दोघांनी काम उचललं. काउंटरवर कुणाला पत्ताही लागला नाही. हे सांगायला मी भांडुपला गेलो. ती आमची शेवटची भेट.

दार उघडल्यावर त्या क्षणभर बघतच राहिल्या. आत एकच खुर्ची रिकामी होती, दुसरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. तो त्यांनी घाईघाईने उचलला. माझं सगळं ऐकून घेतलं.

"कितवा गेला?"

"पहिलाच."

"त्याचा पंखा सुरुवातीपासून कुरकुरायचा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग ऑफिसातल्या एकेकाची चौकशी केली. माझी कुणी आठवण काढतं का, हे मात्र विचारलं नाही.

चहा ओतताना, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "त्या बैठकीत मला वाटलेलं, तू तरी बोलशील."

त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली.

"घे रे. निवतोय."