मास्तरांचं गाऱ्हाणं

घटस्फोटाचा दावा लावला की कोर्ट आधी समुपदेशनाला पाठवतं. आमच्या वाट्याला आले ते निवृत्त मास्तर. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशात अडकित्ता. नवरा बोलायला लागला की मान पुढे काढून ऐकायचे. मी तोंड उघडलं की सुपारी कातरायला घ्यायचे. वर म्हणायचे, "बाय गो, जरा सोसूक व्हया." मी वेंगुर्ल्याहून एसटीने धक्के खात यायची ती हे ऐकायला!

प्रत्येक बैठकीच्या शेवटी मास्तर देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालायचे. उभं राहून, हात जोडून. आम्ही दोघांनी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांचो संसार मार्गाक लाव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नवरा खणखणीत म्हणायचा.

"हिच्या डोक्यातलो राग काढून टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दर वेळी माझाच राग. त्याच्या हाताचं नाव एकदाही नाही.

शेवटच्या बैठकीला माझं डोकंच फिरलं. मास्तर उठायच्या आत मी उभी राहिले आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या माणसाचो हात परत माझ्यार उठलो, तर तो थयच झडान पडांदे म्हाराजा!"

"व्हय" म्हणायला मास्तरांचं तोंड सवयीने उघडलं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि खिशातून अडकित्ता काढला.